'आमची जबाबदारी नाही' : छपराच्या कामातला धोक्याचा कागद

होळी झाली की गावोगाव छपरांची कामे निघतात. गोठ्याचे पत्रे बदलायचे असतात, कांदाचाळीवर पत्रे टाकायचे असतात, शाळेच्या वर्गाची गळती काढायची असते. मृगाच्या आत उरकायचे म्हणून सगळ्यांचीच घाई. अशा वेळी ठेकेदार एक कागद पुढे करतो. "सही करा दादा, नुसतं कामापुरतं हाय." कागदावर दोनच ओळी : छप्पर गळाले, पत्रे उडाले किंवा मजुराला इजा झाली, तर ठेकेदार जबाबदार नाही. पुढे हाच ठेकेदार मजुराचाही अंगठा घेतो, "पडलो तर काही मागणार नाही."

स्टँप कागद कितीही रुपयांचा असो, या कागदाची खरी किंमत शेतकऱ्याने आणि ग्रामपंचायतीने समजून घ्यायला हवी.

अंगठ्याने हक्क जात नाही

कामावर इजा झालेल्या मजुराच्या भरपाईचा कायदा 1923 चा. छपराच्या टोकापर्यंत बारा फूट किंवा जास्त उंची असलेल्या इमारतीचे बांधकाम व दुरुस्ती करणारा मजूर त्या कायद्याच्या यादीत होता. भरपाईचा हक्क सोडून देणारा करार रद्दबातल, असे त्याच्या 17 व्या कलमात स्पष्ट लिहिले होते. 21 नोव्हेंबर 2025 पासून त्याच्या जागी सामाजिक सुरक्षा संहिता, 2020 आली असून कामगार भरपाईचे प्रकरण त्यात आहे. शिवाय कायद्याचा हेतूच हाणून पाडणारा करार बेकायदा ठरतो, हे 1872 च्या करार कायद्याचे 23 वे कलम आजही सांगते.

दुसरी गोष्ट साधी आहे. शेतकरी आणि ठेकेदार यांनी आपसात केलेल्या कागदावर मजुराची सही नसते. मग त्याचा किंवा त्याच्या बायकापोरांचा हक्क त्या कागदाने कसा जाईल? निष्काळजीपणाने माणूस दगावला तर भारतीय न्याय संहितेच्या 106 व्या कलमाखाली गुन्हा दाखल होतो. तिथे आपसातला कागद चालत नाही. आणि ठेकेदार मध्ये न घेता माणसे थेट रोजावर लावली, तर मालक म्हणून बोट तुमच्याकडेच वळते.

गळक्या छपराचे काय?

इथे मात्र सावध राहावे. गळतीची जबाबदारी सोडणारी सही आपोआप रद्द होत नाही. उलट तीच पुढे तुमच्या तोंडावर मारली जाते. घरासाठी किंवा स्वतःच्या पोटापाण्याच्या धंद्यासाठी काम करून घेतले असेल, तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे दोन वर्षांच्या आत तक्रार करता येते. पाच लाखांपर्यंतच्या कामाला फी नाही. पण पावती आणि लेखी ठराव हवा. तोंडी बोलीवर कोण विश्वास ठेवणार?

कागद करायचाच, तर असा करा

- पत्र्याची जाडी, हूक-वॉशर आणि कामाची मुदत लिहून घ्या.
- एक पावसाळा गळती काढून देण्याची हमी घ्या. शेवटचा हप्ता पहिल्या मोठ्या पावसानंतरच द्या.
- मजुरांचा विमा ठेकेदाराने काढावा आणि त्याची प्रत काम सुरू होण्याआधी द्यावी.
- जुन्या सिमेंटच्या पत्र्यावर थेट पाय देऊ नये. वरून धड दिसणारा पत्राही पायाखाली फुटतो. आडव्या अँगलवर फळ्या टाकूनच चालावे. कमरेला पट्टा आणि दोर हवाच.
- वारा सुटला की माणसे खाली उतरवावीत.

ग्रामपंचायतीने काय करावे

शाळा, समाजमंदिर, अंगणवाडीचे काम देताना दुरुस्तीची मुदत आणि रोखून धरायची रक्कम कार्यारंभ आदेशातच लिहावी. विम्याची प्रत पाहिल्याशिवाय माणूस वर चढू देऊ नये. गावातल्या बांधकाम मजुरांना 90 दिवस काम केल्याच्या दाखल्यासाठी हेलपाटे घालायला लावू नयेत. बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळातली नोंदणी त्या दाखल्यावर अडते, आणि नोंदणी नसेल तर मंडळाची मदत घरच्यांच्या हाती लागत नाही.

छपरावर चढणारा माणूस बहुधा आपल्याच गावचा किंवा शेजारच्या वाडीचा असतो. तो पडला तर "सही हाय की" म्हणून त्याच्या दारात कोणाला उभे राहता येईल? सहीच्या आधी फळी आणि दोर मागा. ते नसतील, तर काम आठ दिवस लांबले तरी चालेल.