शय्याग्रस्तांची सेवा टिकते कशी?

कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या वर्गांतील पांचसहा मुलांस घेऊन आम्ही गांवांतील एका वृद्ध गृहस्थांच्या घरीं दर रविवारीं जाऊं लागलों. त्यांस अर्धांगवायु होऊन दोन वर्षें झालीं होतीं. अंथरुणावर पडून पडून पाठीस व्रण झाले होते, आणि त्यांची पत्नी उशापायथ्याशीं राबून स्वतःच खंगली होती. मुलें त्यांस वर्तमानपत्र वाचून दाखवीत, कोणी पाणी भरून ठेवी, कोणी औषध आणून देई. चार रविवार हा क्रम उत्तम चालला. पांचव्या रविवारीं क्रिकेटचा सामना होता, सहाव्यास परीक्षा जवळ आली होती; त्यापुढें कोणीच गेलें नाहीं. आम्हीही गेलों नाहीं. बऱ्याच दिवसांनीं त्या बाई बाजारांत भेटल्या. तोंवर ते गृहस्थ वारले होते. बाईंनीं रागाचा शब्द काढला नाहीं, एवढेंच म्हणाल्या, "मास्तर, रविवारीं ते दुपारपासून दाराकडे डोळे लावून बसत. येणार नाहीं म्हणून कळवलें असतें तर बरें झालें असतें."

अशा सेवेस आरंभ करणें सोपें असतें. ती वर्षानुवर्षें चालविणें कठीण. केरळांतील लोकांनीं हें कठीण काम कसें साधलें, तें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस सांगावें असें तेव्हांपासून मनांत होतें.

वैद्यकांत या सेवेस पॅलिएटिव्ह केअर म्हणतात. ज्या लॅटिन शब्दापासून हें नांव निघालें, त्याचा अर्थ पांघरण्याचें वस्त्र असा आहे. रोग बरा होण्याजोगा नसला तरी वेदना, धाप, मळमळ, व्रण, भीति व एकटेपणा हीं पुष्कळ अंशीं कमी करतां येतात. इंग्लंडांत सिसिली साँडर्स या बाईंनीं प्रथम परिचारिका व पुढें डॉक्टर होऊन या कामास शास्त्राचें रूप दिलें, आणि १९६७ सालीं लंडन येथें सेंट क्रिस्टोफर्स हें रुग्णाश्रम काढलें. रोग्याचें दुःख केवळ शरीराचें नसून मनाचें, संसाराचें व आत्म्याचेंही असतें, असें त्या सांगत. आपल्याकडे मुंबईस वांद्र्यास १९८६ सालीं शांति अवेदना हा असा पहिला आश्रम निघाला. परंतु आश्रमांत खाटा मोजक्या, आणि रोगी गांवोगांव पसरलेले.

हीच अडचण कोळिकोडच्या डॉक्टरांस आली. तेथील सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत डॉक्टर राजगोपाल व डॉक्टर सुरेश कुमार या भूलतज्ज्ञांनीं १९९३ सालीं आपल्या सहकाऱ्यांसह वेदनाशमनाची एक संस्था स्थापन केली. औषधानें गुण येई; पण मरणासन्न माणसास बसमध्यें घालून दूर गांवाहून पुन्हां पुन्हां कसें आणावें? ज्यास सेवेची गरज सर्वांत अधिक, तोच दवाखान्यापर्यंत पोहोंचूं शकत नसे. तेव्हां २००० सालच्या सुमारास मलप्पुरम जिल्ह्यांत काम थेट शेजाऱ्यांच्या हातीं देण्यांत आलें. शिक्षक, दुकानदार, शेतकरी, गृहिणी, महाविद्यालयांतील विद्यार्थी यांनीं आठवड्यांतून निदान दोन तास द्यावे, थोडें शिक्षण घ्यावें, व आपल्याच आळींतील रोगी शोधून त्यांच्याकडे जावें, अशी योजना ठरली. व्रण धुणें, लघवीची नळी बदलणें हें परिचारिकेनें करावयाचें. कठीण प्रसंगीं डॉक्टर येणार. शेजाऱ्यानें काय करावयाचें? रोग्याजवळ बसावें, घरच्यांस कूस पालटण्याची रीत दाखवावी, आणि घरांत नजर फिरवावी. वेदनेची गोळी वेळेवर पोहोंचली, परंतु चूल पेटलेली नाहीं, किंवा मुलाची शाळा सुटली आहे, हें डॉक्टरांच्या कागदावर येत नाहीं. शेजाऱ्यास तें दिसतें. म्हणून या संस्था औषधाबरोबर तांदूळही देतात व मुलांच्या वह्यापुस्तकांचीही सोय पाहतात. प्रथम कर्करोगाचे रोगी अधिक असत. पुढें पक्षाघात झालेले, मूत्रपिंडें निकामी झालेले व वार्धक्यानें अंथरूण धरलेले लोकही यांत आले.

आतां परिचारिकेचें वेतन, गाडीचा खर्च व औषधें यांस पैसा कोठून येतो? कोणा धनिकानें मोठी रक्कम दिली असेल असें वाचकांस वाटेल. तसें नाहीं. दुकानांतील पेट्यांत पडणारीं नाणीं, मुलांनीं शाळेंत जमविलेले पैसे, दरमहा थोडें थोडें देणारीं सामान्य घरें यांवर बहुतेक भार आहे. जानेवारीच्या १५ तारखेस तेथें या सेवेचा दिवस पाळतात. मोठी देणगी एकदां येते व संपून जाते. उलट शंभर घरें नेमानें देत असलीं तर दहा घरें थांबल्यानें काम बंद पडत नाहीं. शिवाय ज्यानें दहा रुपये दिले तो सहज विचारतो कीं, आपल्या आळींतील अमक्याकडे या आठवड्यांत कोणी गेलें होतें काय? हा प्रश्न हिशेबतपासनिसाहून अधिक उपयोगी पडतो, असें आमचें मत आहे. आम्हांस तो कोणी विचारला नव्हता.

औषधाविषयीं एक गोष्ट येथें सांगितली पाहिजे. कर्करोगाच्या तीव्र वेदनेवर मॉर्फिन हें स्वस्त व उत्तम औषध आहे. तें वेदना उठण्याची वाट पाहून नव्हे, तर घड्याळ पाहून सामान्यतः दर चार तासांनीं तोंडावाटें देतात, व त्याबरोबर सारकही द्यावें लागतें. तें अफूपासून होतें म्हणून १९८५ च्या कायद्यानें त्यावर इतके परवाने लादले कीं, बहुतेक रुग्णालयांनीं तें ठेवणेंच सोडून दिलें. मध्य प्रदेश, राजस्थान व उत्तर प्रदेश येथें सरकारी परवान्यानें अफू पिकावी, ती परदेशीं जावी, आणि आपला रोगी येथें तळमळत राहावा, असा हा विपरीत प्रकार होता. २०१४ सालीं संसदेनें कायदा सुधारून परवान्याची रीत सोपी केली. तरी डॉक्टरांच्या मनांतील भीति एकदम जात नाहीं.

केरळ सरकारनें २००८ सालीं या सेवेचें धोरण जाहीर केलें. असें धोरण करणारें तें भारतांतील पहिलें राज्य. पुढें ग्रामपंचायती परिचारिका नेमून घरभेटी करवूं लागल्या. यानें सेवा गांवोगांव पोहोंचली. परंतु आतां सरकार पाहून घेईल असें म्हणून शेजारी मागें सरतील, ही चिंता जाणत्यांस वाटूं लागली, व ती अगदींच पोकळ नाहीं. परिचारिका महिन्यांतून एकदांदोनदां येणार. मधल्या दिवसांत उशाशीं बसणारें माणूस पगारावर मिळत नाहीं. तेथें साक्षरता अधिक, वस्ती दाट व पंचायती सबळ आहेत. म्हणून तेथला कित्ता आपण जसाच्या तसा गिरवूं म्हटलें तर तो साधेलच असें नाहीं. दोन तासांचा नेम मात्र कोणत्याही गांवीं पाळतां येईल.

यंदा आम्ही पुन्हां आरंभ केला आहे. या वेळीं घरें तीनच घेतलीं आहेत. प्रत्येक भेटीस एका विद्यार्थ्याबरोबर एक पालक असतात, गांवांतील एक निवृत्त परिचारिका देखरेख करितात, व ज्यास जाणें जमणार नाहीं त्यानें आदल्या दिवशीं बदली माणूस देऊन त्या घरीं निरोप पाठवावयाचा असतो. नांवांची वही आमच्यापाशीं आहे. पुढील सहा आठवडे भरले आहेत. सातव्यापासून जागा मोकळ्या आहेत. ज्या पालकांस बुधवारीं सायंकाळीं सवड असेल त्यांनीं शाळा सुटल्यावर आम्हांस भेटावें.