रेंज गावाची, मोजमाप जिल्ह्याचे

करडी (जि. भंडारा) : धानाची विक्री आता केवळ काट्यावर होत नाही. आधारभूत खरेदी केंद्रावर नोंदणी करायची, तर सातबाऱ्यावर पिकाची नोंद हवी. ही नोंद १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेल्या ई-पीक पाहणीच्या अ‍ॅपमधून शेतकऱ्याने स्वतः करायची असते. पीएम किसानच्या हप्त्यासाठी ई-केवायसी लागते, आणि चुकारा खात्यात जमा झाला की नाही हे सांगणारा बँकेचा संदेशही मोबाईलवरच येतो. मोहाडी तालुक्यातील करडीसारख्या धान पिकवणाऱ्या गावात भ्रमणध्वनी आता सातबाऱ्याइतकाच कामाचा कागद झाला आहे. ‘ओटीपी’ची मुदत मात्र मिनिटांत मोजली जाते. घरातून निघून बांधावर रेंज पकडेपर्यंत तो आकडा बाद होतो.

अशा वेळी ग्राहकाच्या तोंडी पहिला प्रश्न येतो, की सरकार या कंपन्यांना विचारत कसे नाही? विचारते, आणि नियमही पुष्कळ आहेत. पण हे नियम ज्या मापाने सेवा मोजतात ते माप गावाचे नाही. अडचणीचे मूळ तेथे आहे.

नियामक आहे, पण तक्रार ऐकत नाही

भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरण, म्हणजेच ट्राय, १९९७ मध्ये स्थापन झाले. २००० मध्ये कायद्यात दुरुस्ती होऊन तंटे सोडविण्यासाठी दूरसंचार तंटा निवारण व अपील न्यायाधिकरण निराळे झाले. सर्वसामान्य ग्राहकाची समजूत अशी, की बिल चुकले किंवा रेंज गेली तर ट्रायला पत्र लिहायचे. ट्राय मात्र एकेका ग्राहकाच्या तक्रारीचा निवाडा करीत नाही. तो अधिकारच कायद्याने त्यास दिलेला नाही. न्यायाधिकरणापुढे कंपनी विरुद्ध कंपनी, कंपनी विरुद्ध सरकार किंवा ग्राहकांचा समूह विरुद्ध कंपनी असे वाद जातात. एकट्यादुकट्या ग्राहकाची ग्राहक कायद्याखालील तक्रार त्यातून वगळलेली आहे. ट्रायचे काम सेवेचा दर्जा ठरविणे, तो मोजणे आणि तो न पाळणाऱ्या कंपनीस दंड करणे. हा दंड सरकारजमा होतो, ग्राहकाच्या खात्यात त्यातील एक पैसाही येत नाही.

दर्जा मोजण्याची पद्धतही समजून घेण्याजोगी आहे. दूरसंचाराच्या नकाशावर राज्ये नसतात, परिमंडळे असतात. महाराष्ट्र परिमंडळात गोवा येतो आणि मुंबई येत नाही. पुणे, नागपूर, पणजी आणि करडी हे सगळे एकाच परिमंडळात. पूर्वी मधेच तुटणाऱ्या कॉलचे प्रमाण संपूर्ण परिमंडळाच्या सरासरीवर मोजले जाई आणि ते दोन टक्क्यांच्या आत असले की कंपनी उत्तीर्ण. शहरातील हजारो टॉवर व्यवस्थित चालले की खेड्यातील चार आजारी टॉवर त्या सरासरीत दिसेनासे होत. हा दोष ट्रायनेच ओळखला. १ ऑक्टोबर २०१७ पासून सरासरी सोडून दुसरे माप आले. ९० टक्के ठिकाणी, ९० टक्के दिवस, कॉल तुटण्याचे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत असले पाहिजे, असे त्याचे ढोबळ रूप होते. सुधारणा मोठीच, तरीही उरलेले दहा टक्के टॉवर कुठले, याचे उत्तर त्या मापात नव्हते. ते दाट वस्तीच्या शहरात असण्यापेक्षा आडगावात असण्याचा संभव अधिक, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

ऑगस्ट २०२४ मध्ये ट्रायने जुन्या नियमावल्या एकत्र करून नवी आणली आणि ती १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाली. तिमाही मोजणीऐवजी १ एप्रिल २०२५ पासून मासिक मोजणी आली. पन्नास हजारांपासून सुरू होणारा दंड एक लाखापासून दहा लाखांपर्यंत गेला. कोणत्या गावात आपली कोणती सेवा मिळते, याचा नकाशा कंपन्यांनी संकेतस्थळावर ठेवावा, असेही बंधन आले. त्यात ग्राहकाला थेट भरपाई देणारी एक तरतूदही आहे. जिल्ह्यातील सेवा २४ तासांहून अधिक काळ बंद राहिली, तर पोस्टपेड ग्राहकास त्या दिवसांचे भाडे परत आणि प्रीपेड ग्राहकास तितक्या दिवसांची मुदतवाढ. दिवसात १२ तासांहून अधिक काळ सेवा बंद असेल तर तो पूर्ण दिवस धरायचा.

तरतूद चांगली आहे, परंतु तिचे एकक जिल्हा आहे. समजा, पावसाळ्यात वीज गेली, टॉवरची बॅटरी उतरली, आणि करडीसह आजूबाजूच्या गावांचे मोबाईल चार दिवस मुके झाले. त्याच वेळी भंडारा, तुमसर, पवनी, साकोली येथे सेवा सुरळीत असेल, तर जिल्हा बंद पडला असे होत नाही. मग चार दिवसांची मुदतवाढ आपोआप मिळणार नाही. शहरातला ग्राहक एक टॉवर बंद पडला तर दुसऱ्यावर जातो. खेड्यात पुष्कळदा दुसरा टॉवरच नसतो. म्हणजे ज्याला भरपाईची सर्वाधिक गरज, तोच नियमाच्या व्याख्येबाहेर. टॉवरनिहाय बंद काळाची नोंद कंपनीकडे असतेच. भरपाईचे एकक जिल्ह्याऐवजी टॉवर का करू नये, या प्रश्नाला तांत्रिक अडचणीचे उत्तर पटण्यासारखे नाही.

भरपाईचा एक प्रयत्न याआधी फसलेला आहे, तोही ध्यानात ठेवावा. ऑक्टोबर २०१५ मध्ये ट्रायने तुटलेल्या प्रत्येक कॉलमागे ग्राहकास एक रुपया, दिवसाला जास्तीत जास्त तीन रुपये, देण्याचा नियम केला. १ जानेवारी २०१६ ही अंमलाची तारीख होती. कंपन्या न्यायालयात गेल्या. दिल्ली उच्च न्यायालयाने नियम वैध ठरविला, पण ११ मे २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो अवाजवी व अपारदर्शक ठरवून रद्द केला. कॉल कोणाच्या दोषाने तुटला हे न पाहताच कंपनीवर भार टाकला, हा त्यातील मुख्य आक्षेप. तेव्हापासून तुटलेल्या कॉलची किंमत ग्राहकच सोसतो.

तेरा महिन्यांचे वर्ष

दर किती असावा यात ट्राय सहसा पडत नाही. तो कंपन्यांनी ठरवायचा आणि ट्रायला कळवायचा, असे धोरण आहे. जुलै २०२४ मध्ये खासगी कंपन्यांनी दर वाढविले, तेव्हा रोज दीड जीबी डेटा देणारा एका मोठ्या कंपनीचा २८ दिवसांचा रिचार्ज २३९ रुपयांवरून २९९ रुपयांवर गेला. येथे २८ हा आकडा महत्त्वाचा. २८ दिवसांचा महिना धरला की वर्षात बाराऐवजी तेरा रिचार्ज होतात. २९९ रुपयांच्या हिशेबाने बारा रिचार्जचे ३,५८८ आणि तेराचे ३,८८७ रुपये. तेरावा महिना कॅलेंडरात नाही, खर्चात आहे. २७ जानेवारी २०२२ च्या आदेशाने ट्रायने प्रत्येक कंपनीस निदान एक ३० दिवसांचा आणि एक दर महिन्याच्या त्याच तारखेस नूतनीकरण होणारा पर्याय ठेवणे भाग पाडले. पर्याय ठेवले गेले. ते दुकानदाराकडून मागून घ्यावे लागतात, एवढेच.

दुसरी बाब साध्या फोनची. घरातील म्हाताऱ्या माणसाला इंटरनेट नको असते, मुलाचा फोन यावा एवढेच हवे असते. तरी त्याला डेटासकट पॅक विकत घ्यावा लागे. डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने केवळ कॉल व एसएमएस देणारे स्वतंत्र पॅक सक्तीचे केले आणि अशा खास पॅकची कमाल मुदत ९० वरून ३६५ दिवसांवर नेली. जानेवारी २०२५ मध्ये कंपन्यांनी ते आणले, पण बहुतेक ८४ आणि ३६५ दिवसांचे. एकरकमी शेकडो रुपये मोजू शकणाऱ्यालाच ते परवडतात. पन्नास-शंभर रुपयांचा रिचार्ज करणाऱ्या मजुराला त्या आदेशाचा लाभ फारसा पोहोचला नाही.

इनकमिंग बंद होण्याविषयी तर गैरसमजच अधिक. प्रीपेड क्रमांक ९० दिवस वापरात नसेल तरच तो रद्द करता येतो. त्यानंतरही खात्यात २० रुपये वा अधिक शिल्लक असेल, तर ते २० रुपये कापून आणखी ३० दिवस क्रमांक राखावा लागतो. हा नियम २०१३ पासूनचा आहे. जानेवारी २०२५ मध्ये तो नवा म्हणून मोबाईलवरून फिरला, तेव्हा ट्रायला खुलासा करावा लागला. मात्र क्रमांक राखणे वेगळे आणि सेवा चालू राहणे वेगळे. पॅकची मुदत संपली की कॉल थांबतात, क्रमांक तेवढा शाबूत असतो. २०१८ मध्ये किमान रिचार्जची अट आली, त्या वेळी पुरेशी शिल्लक असलेल्यांची सेवा तोडू नका, असे ट्रायने कंपन्यांना बजावले होते.

कंपनी बदलण्याचा मार्ग २० जानेवारी २०११ पासून देशभर खुला आहे. १९०० वर ‘पोर्ट’ लिहून आपला क्रमांक पाठवायचा. परिमंडळातल्या परिमंडळात तीन कामकाजी दिवसांत हे काम व्हावे, असे डिसेंबर २०१९ पासूनचे बंधन आहे. स्वस्त पॅकवर एसएमएसची सोय नाही, म्हणून पोर्टचा संदेशच जात नाही, अशी गंमत काही काळ चालली होती. डिसेंबर २०२१ मध्ये ट्रायने ती बंद केली. पण गावात एकाच कंपनीची रेंज धड येत असेल, तर या हक्काचा उपयोग काय?

डॉकेट क्रमांकापासून भंडाऱ्यापर्यंत

तक्रारीची वाट २०१२ च्या नियमांनी आखून दिली आहे. पहिली पायरी कंपनीचे तक्रार केंद्र. तेथे तक्रार नोंदविली की डॉकेट क्रमांक मिळालाच पाहिजे आणि तो एसएमएसनेही आला पाहिजे. ‘नोंद घेतली आहे, काम होऊन जाईल’ या गोड बोलण्यावर फोन ठेवणारे ग्राहक येथेच फसतात. डॉकेट क्रमांक नसेल तर पुढच्या पायरीवर तक्रार अस्तित्वातच नसते. दुसरी पायरी अपील प्राधिकाऱ्याची. तक्रार निवारणाची मुदत संपल्यापासून ३० दिवसांत अपील करावे आणि त्याचा निर्णय ३९ दिवसांत व्हावा, असा नियम आहे. दोन्हीसाठी शुल्क नाही. अपील प्राधिकाऱ्याला सल्ला देणाऱ्या समितीत ग्राहक संघटनेचा एक प्रतिनिधी असतो, पण प्राधिकारी स्वतः कंपनीचाच माणूस. आपलेच दात, आपलेच ओठ, अशी ही रचना आहे. तरीही ती पायरी गाळू नये, कारण तिथला कागद पुढे उपयोगी पडतो.

पुढे म्हणजे ग्राहक आयोगात. ही वाट मधली बारा वर्षे जवळपास बंद होती. केरळातील कोझिकोडच्या एका ग्राहकाचा दूरध्वनी तोडला गेला. जिल्हा मंचाने जोडणी पूर्ववत करून पाच हजार रुपये भरपाई देण्यास सांगितले. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १ सप्टेंबर २००९ रोजी निकाल आला, की १८८५ च्या तार कायद्यात लवादाची तरतूद असल्याने ग्राहक मंचाला अधिकार नाही. केंद्र सरकार नेमेल त्या लवादाकडे जा, असा त्याचा अर्थ. या निकालाच्या आधारे देशभर मोबाईलच्या तक्रारीही फेटाळल्या गेल्या. ब्रिटिश अमदानीतील तारेचा कायदा मोबाईलच्या ग्राहकाच्या आड यावा, हे विचित्रच.

ही कोंडी अहमदाबादच्या एका ग्राहकाने फोडली. त्याचे मासिक बिल सरासरी ५५५ रुपये येई. नोव्हेंबर-डिसेंबर २०१३ च्या एका बिलात ते २४ हजार ६०९ रुपये ५१ पैसे आले. त्याने २०१४ मध्ये जिल्हा मंचात २२ हजार रुपयांची मागणी केली. कंपनीने अधिकारक्षेत्राचा मुद्दा काढला आणि तो शेवटपर्यंत लढविला. १६ फेब्रुवारी २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ग्राहकाच्या बाजूने कौल दिला. तार कायद्यातील लवादाची तरतूद असली तरी ग्राहक आयोगाचे दार बंद होत नाही, तो ग्राहकाच्या हातातील आणखी एक उपाय आहे, असे न्यायालयाने स्पष्ट केले. २०२३ च्या दूरसंचार कायद्यानेही ग्राहक संरक्षण कायद्याखालील हा हक्क अबाधित ठेवला आहे. ग्राहकाला आयोगात तक्रार करता येते का, एवढेच ठरायला त्या प्रकरणात जवळपास आठ वर्षे गेली.

करडीच्या ग्राहकासाठी हे दार भंडाऱ्याच्या जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाचे. २०२० मध्ये अमलात आलेल्या नव्या ग्राहक संरक्षण कायद्याने राहत्या जिल्ह्यातच तक्रार करण्याची मुभा दिली. कंपनीचे कार्यालय मुंबईत असो की दिल्लीत, त्याने फरक पडत नाही. सेवेसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्क नाही. वकील सक्तीचा नाही. तक्रार ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते, अर्थात रेंज असेल तर! त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन केल्यास पुष्कळ बिलांचे वाद तेथेच मिटतात. रोवणीच्या दिवसांत भंडाऱ्याची एक फेरी म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडणे, हे लक्षात घेता तो फोन आधी करणे शहाणपणाचे.

आयोगापुढे रेंजची तक्रार सिद्ध करणे बिलाच्या तक्रारीपेक्षा कठीण आहे. बिल कागदावर असते, न आलेली रेंज कुठेच नसते. म्हणून कोणत्या तारखेस किती वेळ सेवा नव्हती याची वहीत नोंद, प्रत्येक वेळचा डॉकेट क्रमांक, रिचार्जच्या पावत्या, ट्रायच्या ‘माय स्पीड’ अ‍ॅपवरील वेगाची नोंद आणि कंपनीच्या संकेतस्थळावर आपले गाव सेवाक्षेत्रात दाखविणाऱ्या नकाशाची प्रत एवढे सोबत असावे. सेवा मिळेल असे नकाशात सांगून ती न देणे, हा सेवेतील त्रुटीचा बऱ्यापैकी सरळ पुरावा ठरू शकतो. एकाच टॉवरवरील अनेक ग्राहकांना आयोगाच्या परवानगीने एकत्र तक्रारही करता येते. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हावी लागते.