ऑर्किडे : आनुवंशिकी, क्रमविकास व संरक्षण

ऑर्किडे (आमर कुल, ऑर्किडेसी) : आवृतबीज वनस्पतींच्या एकदलिकित वर्गातील एक मोठे कुल. यात सु. ७५० प्रजाती व सु. २८,००० जाती असून जातींच्या संख्येत सूर्यफूल कुलच काय ते याची बरोबरी करते. ध्रुवप्रदेशांतील कायम हिमाच्छादित भाग व अतिशुष्क वाळवंटे सोडल्यास या कुलाचा प्रसार सर्वत्र आहे. तथापि उष्ण कटिबंधातील दमट अरण्यांत जाती विशेष विपुल आहेत. सु. ७० टक्के जाती अपिवनस्पती (दुसऱ्या झाडाच्या आधाराने वाढणाऱ्या, परंतु त्यातून अन्नरस न घेणाऱ्या) असून उरलेल्या बहुतेक भूस्थित आहेत. भारतीय वनस्पति सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सूचीत भारतातील १,२५६ जातींची नोंद असून त्यांपैकी ३८८ केवळ भारतातच आढळतात. इतके वैविध्य असूनही अनेक जातींचे अस्तित्व धोक्यात आहे. हा विरोधाभास उलगडण्यासाठी या वनस्पतींचे परागण, बीज व आनुवंशिकी यांचा एकत्रित विचार करावा लागतो.

फूल व परागण : फुलात तीन संदले व तीन प्रदले असतात. प्रदलांपैकी एक इतरांहून आकाराने व रंगाने वेगळे असते. त्याला ओष्ठ म्हणतात. कीटकाला उतरण्यास तो तळासारखा उपयोगी पडतो. केसरदले व किंजले यांचा संयोग होऊन एक स्तंभ बनलेला असतो आणि बहुसंख्य जातींत परागकण सुटे नसून त्यांचे मेणचट परागपुंज असतात. फुलाला भेट देणाऱ्या कीटकाच्या अंगाला संपूर्ण परागपुंज चिकटतो व दुसऱ्या फुलाच्या किंजल्कावर पोहोचतो. एकाच भेटीत हजारो बीजके फलित होण्यास पुरेसे पराग मिळतात. मात्र ती भेट चुकल्यास फूल वाया जाते.

चार्ल्स डार्विन यांनी १८६२ मध्ये ऑर्किडांच्या परागणावर स्वतंत्र ग्रंथ लिहिला. मादागास्करमधील अँग्रिकम सेस्क्विपेडेल या जातीच्या फुलाला सु. ३० सेंमी. लांबीची शुंडिका (मकरंदाची नळी) असते. तितक्याच लांब सोंडेचा पतंग त्या बेटावर असला पाहिजे, असे अनुमान त्यांनी केले. असा पतंग पुढे सापडला व १९०३ मध्ये त्याचे वर्णन प्रसिद्ध झाले. सु. एकतृतीयांश जाती मात्र कीटकाला कोणताही मोबदला देत नाहीत. यूरोपातील ऑफ्रिस प्रजातीची फुले आकार, लव व विशेषतः गंध यांबाबतींत विशिष्ट मधमाश्यांच्या मादीसारखी असतात. नर मधमाशी फुलाशी समागमाचा प्रयत्न करते व त्यात परागपुंज वाहून नेते.

बीज व कवक : ऑर्किडाचे बीज धुळीसारखे सूक्ष्म असून त्यात अविकसित गर्भ असतो, पुष्क (गर्भाचे पोषण करणारा अन्नसाठा) नसतो. एका फळात हजारो, काही जातींत लाखो बीजे असतात. डार्विन यांनी इंग्लंडमधील एका भूस्थित जातीच्या एका फळात सु. ६,२०० व तीस फळे धरणाऱ्या एका झाडावर सु. १,८६,३०० बीजे असल्याचे गणित मांडले होते. वाऱ्याबरोबर बीजे दूरवर जातात. पण रुजण्यासाठी योग्य कवकाचे तंतू गर्भात शिरावे लागतात, कारण आरंभीचे सर्व अन्न त्या कवकाकडूनच मिळते. ही गोष्ट नोएल बेर्नार या फ्रेंच शास्त्रज्ञांनी १८९९ मध्ये उघडकीस आणली. काही जातींत पर्णहरित मुळीच नसते व त्या जन्मभर कवकावर अवलंबून राहतात. म्हणून लाखो बीजांपैकी अत्यल्प बीजांचीच झाडे होतात. ऑर्किडाच्या एका झाडाला जगण्यास आधारवृक्ष किंवा माती, योग्य कवक व योग्य कीटक या तिन्हींची सांगड आवश्यक असते.

क्रमविकास : मऊ खोडाच्या या वनस्पतींचे जीवाश्म अतिशय विरळ आहेत. डोमिनिकन प्रजासत्ताकात राळेच्या जीवाश्मात (अंबरात) अडकलेली एक नांगीहीन मधमाशी सापडली. तिच्या पाठीवर ऑर्किडाचा परागपुंज होता. तो सु. १.५ ते २ कोटी वर्षांपूर्वीचा आहे. २००७ मध्ये त्याचे वर्णन मेलिऑर्किस करिबिया या नावाने करण्यात आले. त्याच्या आधारे केलेल्या गणनेनुसार आजच्या ऑर्किडांचा समाईक पूर्वज सु. ७.६ ते ८.४ कोटी वर्षांपूर्वी, म्हणजे डायनोसॉर अस्तित्वात असताना, होऊन गेला असावा.

या कुलाची पाच उपकुले मानतात. त्यांपैकी अ‍ॅपोस्टॅसिया प्रजातीचे उपकुल सर्वांत आधी अलग झाले. त्यातील फुले साधी असून ओष्ठ स्पष्ट नसतो व परागकण सुटे असतात. परागपुंजांचा उगम, वृक्षांवर राहण्याची सवय व पाण्याची बचत करणारी प्रकाशसंश्लेषणाची पद्धत यांच्या जोडीने जातींच्या निर्मितीचा वेग वाढल्याचे दिसून येते. वृक्षाच्या फांद्यांवर नवीन निवासस्थाने उपलब्ध झाली आणि परागणाच्या भिन्न पद्धतींमुळे एकमेकींच्या शेजारी वाढणाऱ्या समूहांतील जनुकांची देवाणघेवाण थांबली.

आनुवंशिकी : गुणसूत्रांच्या संख्येत या कुलात मोठी तफावत आहे. व्हँडा व फॅलिनॉप्सिस या प्रजातींत ती सामान्यतः ३८ असते. अन्यत्र ती १० इतकी कमी, तर काही बहुगुणित जातींत २४० पर्यंत आढळली आहे. फॅलिनॉप्सिस इक्वेस्ट्रिस या जातीचा संपूर्ण जनुकसंच २०१५ मध्ये व अ‍ॅपोस्टॅसिया शेंझेनिका या जातीचा २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यमान सर्व ऑर्किडांच्या समाईक पूर्वजात संपूर्ण जनुकसंचाचे एकदा द्विगुणन झाले होते, असे त्यावरून दिसून आले. फुलाच्या अवयवांचे स्वरूप ठरविणाऱ्या जनुकांच्या जादा प्रतींत पुढे कार्यविभागणी झाली आणि त्यांच्या निरनिराळ्या संयोगांमुळे एक प्रदल ओष्ठरूप पावले. उलट पुष्काच्या वाढीशी निगडित असा एक जनुकगट ऑर्किडांत आढळत नाही. पुष्करहित बीजाशी त्याचा संबंध जोडला जातो.

अनेक जातींना अलग ठेवणारा अडसर जनुकीय नसून कीटकाच्या निवडीचा असल्याने माणसाने परागण केल्यास भिन्न जातींचा, कित्येकदा भिन्न प्रजातींचाही, संकर होतो. इंग्लंडमध्ये जॉन डॉमिनी यांनी केलेल्या पहिल्या कृत्रिम संकराला १८५६ मध्ये फुले आली. आजवर एक लाखाहून अधिक संकर नोंदविले गेले आहेत. १९२२ मध्ये लुईस नड्सन यांनी शर्करायुक्त कृत्रिम माध्यमावर कवकाविना बीजे रुजविली व १९६० मध्ये झॉर्झ मॉरेल यांनी खोडाच्या अग्रापासून रोपे तयार करण्याची रीत दाखविली. यामुळे एका झाडापासून जनुकदृष्ट्या सारखी असंख्य रोपे मिळू लागली.

ऱ्हासाची कारणे : अरण्यतोड, पठारे व दलदलींचा बदललेला वापर आणि हव्यासापायी होणारा संग्रह ही प्रमुख कारणे होत. खासी टेकड्यांतील निळ्या व्हँडाचे (व्हँडा सेरूलिया) उदाहरण बोलके आहे. जोझेफ हूकर यांनी १८५० मध्ये क्यू येथील उद्यानासाठी या झाडांची सात माणसांची ओझी गोळा केली. त्यांतील फारच थोडी इंग्लंडला जिवंत पोहोचली. दुसऱ्या एका संग्राहकाने पाठविलेले केवळ एक ओझे खराब स्थितीत पोहोचूनही तीनशे पौंडांना विकले गेले. अशा किमतीमुळे पुढे या जातीचा अतोनात संग्रह झाला. केरळातील अगस्त्यमलई टेकड्यांपुरते मर्यादित असलेले पॅफिओपेडिलम ड्रूरी हेही अशाच संग्रहामुळे नष्टप्राय झाले. अल्पसंख्य उरलेल्या समूहात कीटकांच्या भेटी घटतात, निकटच्या झाडांत प्रजनन होते व जनुकीय वैविध्य कमी होऊन रोग किंवा हवामानातील बदल यांना तोंड देण्याची क्षमता खालावते.

संरक्षण : संकटग्रस्त जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारासंबंधीचा करार १९७५ मध्ये अंमलात आला व भारत १९७६ मध्ये त्यात सामील झाला. सर्व ऑर्किडे त्याच्या परिशिष्टांत समाविष्ट असून पॅफिओपेडिलम प्रजातीवर सर्वांत कडक निर्बंध आहेत. भारतीय वन्य जीव (संरक्षण) अधिनियमात १९९१ मध्ये झालेल्या दुरुस्तीने निळा व्हँडा, तांबडा व्हँडा व पॅफिओपेडिलमच्या जाती यांना संरक्षण मिळाले. अरुणाचल प्रदेशात सेसा येथे १९८९ मध्ये ऑर्किड अभयारण्य घोषित झाले व १९९६ मध्ये सिक्कीममधील पाक्योंग येथे राष्ट्रीय ऑर्किड संशोधन केंद्र स्थापन झाले.

रोपवाटिकांतील उत्पादनाने वन्य झाडांवरील ताण कमी होऊ शकतो. निळ्या व्हँडाची कृत्रिम रीत्या वाढविलेली रोपे व फिलिपीन्समधील व्हँडा सँडेरियाना या जातीशी त्याचा संकर (१९३१) बाजारात मुबलक झाला आणि २००४ मध्ये वरील करारात या जातीला अधिक सौम्य परिशिष्टात हलविण्याचा निर्णय झाला. परंतु बाजारासाठी मोठी, गोलसर व गडद रंगाची फुले निवडली जातात. अशी रोपे वन्य समूहातील वैविध्याची जागा घेऊ शकत नाहीत. संकरित रोपे अरण्यात लावल्यास मूळ जातीत परके जनुक मिसळण्याचाही धोका असतो.

सिप्रिपेडियम कॅल्सिओलस ही जाती ब्रिटनमधून नाहीशी झाल्याचे १९१७ मध्ये मानले गेले. १९३० मध्ये यॉर्कशरमध्ये तिचे एकच वन्य झाड आढळले व त्याची जागा दीर्घकाळ गुप्त ठेवण्यात आली. क्यू येथील शास्त्रज्ञांनी ते झाड व उद्यानांत टिकून राहिलेली देशी मूळची झाडे यांच्यात परागण घडवून बीजे प्रयोगशाळेत रुजविली आणि रोपे निसर्गात लावली. त्यांपैकी पहिल्या रोपाला २००० मध्ये फूल आले. एक झाड वाचविता आले, पण समूह पुन्हा उभा करण्यास अनेक दशके लागली.

महाराष्ट्रात सीतेची वेणी (ऱ्हिंकोस्टायलिस रेटूसा) ही जाती मोठ्या वृक्षांवर वाढते. तिचे लोंबते फुलोरे आसामात ‘कोपौ फूल’ म्हणून ओळखले जातात व बिहू नृत्याच्या वेळी स्त्रिया ते केसांत माळतात. सह्याद्रीतील जांभ्या दगडाच्या सड्यांवर हबेनारिया प्रजातीच्या जाती पावसाळ्यात उगवून फुलतात व उरलेले वर्ष जमिनीखाली ग्रंथींच्या रूपाने काढतात. सातारा जिल्ह्यातील कासचे पठार २०१२ मध्ये जागतिक वारसास्थळ घोषित झालेल्या पश्चिम घाटातील स्थळांपैकी एक आहे. उन्हाळ्यात ओसाड दिसणारा सडा खणल्याने अथवा रस्त्याकडेचा जुना आंबा तोडल्याने ऑर्किडांबरोबर त्यांचे कवकही जातात. जुन्या वृक्षाच्या जागी नवीन रोप लावता येते. पण त्याच्या खरबरीत सालीवर कवक व ऑर्किडे पुन्हा वसण्यास दीर्घ काळ जावा लागतो. त्यामुळे सुट्या झाडांपेक्षा त्यांच्या निवासस्थानाचे संरक्षण हाच या कुलाच्या रक्षणाचा मुख्य मार्ग मानला जातो.