पाचवीची परीक्षा आणि काल्हेरची मुले

ठाणे शहर मागे टाकून कशेळीच्या पुलावरून खाडी ओलांडली की भिवंडी तालुक्यातील काल्हेर गाव लागते. एकेकाळी भातशेतीसाठी ओळखल्या जाणाऱ्या या पट्ट्यात आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंस गोदामांच्या रांगा उभ्या आहेत. कशेळी, काल्हेर, पूर्णा, राहनाळ, वळ, दापोडे, माणकोली ही नावे आता देशभरातील मालवाहतूकदारांच्या तोंडी आहेत. जमिनीचा उपयोग बदलला तसा शाळेच्या पटाचाही चेहरामोहरा बदलला. ज्यांच्या शेतावर गाळे उभे राहिले त्या आगरी कुटुंबांतील मुले, गोदामात खोकी वाहणाऱ्या हमालाची मुले, भिवंडीच्या यंत्रमागावर रात्रपाळी करणाऱ्या उत्तर प्रदेशी वा तेलुगू कामगाराची मुले असा संमिश्र समाज या परिसरातील वर्गांतून एका बाकावर बसतो. या मुलांपुढे गेल्या काही वर्षांत एक जुना प्रश्न नव्या रूपाने उभा राहिला आहे. इयत्ता पाचवीच्या अखेरीस द्यावयाची, आणि नापास झाल्यास त्याच वर्गात राहावे लागू शकेल अशी, वार्षिक परीक्षा हा तो प्रश्न होय.

परीक्षेची ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. जुन्या मुंबई प्रांतात सातवीअखेर ‘व्हर्नाक्युलर फायनल’ होत असे. खेड्यातला मुलगा ‘फायनल’ झाला म्हणजे घरात पेढे वाटले जात, कारण त्या एका प्रमाणपत्रावर प्राथमिक शिक्षकाची किंवा तलाठ्याची जागा मिळण्याचा मार्ग मोकळा होई. पुढेही कित्येक वर्षे ‘सातवी फायनल’ हा शब्द लोकांच्या बोलण्यात टिकून होता आणि आजही गावातील वृद्ध माणूस आपले शिक्षण सांगताना तोच शब्द वापरतो. त्या परीक्षेने ग्रामीण महाराष्ट्राला शिक्षकांची एक पिढी दिली हे खरे. परंतु तिची दुसरी बाजूही विसरता येत नाही. जो मुलगा फायनलला बसला नाही किंवा बसून नापास झाला, त्याची पाटी बहुधा तेथेच फुटे. मुलीच्या बाबतीत तर इतकेही होत नसे, कारण ती फायनलपर्यंत पोहोचण्यापूर्वीच तिचे नाव पटावरून उतरलेले असे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला आणि आठवीपर्यंत कोणत्याही मुलास मागे ठेवावयाचे नाही असे ठरले. त्यामागील हेतू उदात्त होता. मूल नापास होते ते बहुतांशी शाळेच्या उणिवांमुळे, तेव्हा त्याची शिक्षा मुलास का, असा तो विचार होता. तथापि व्यवहारात ‘नापास करू नका’ याचा अर्थ काही ठिकाणी ‘पाहू नका’ असा घेतला गेला, हे मान्य करावयास हवे. मूल्यमापन सातत्यपूर्ण व सर्वंकष असावे ही अपेक्षा नोंदवह्यांच्या रकान्यांत पूर्ण होत राहिली, आणि वाचता न येणारी मुले वरच्या वर्गात सरकत राहिली. २०१९ साली संसदेने अधिनियमाच्या कलम १६ मध्ये दुरुस्ती करून पाचवी व आठवीच्या अखेरीस नियमित परीक्षा घेण्याची तरतूद केली. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये आपल्या नियमांत तदनुसार बदल केला आणि २०२३-२४ या शैक्षणिक वर्षापासून ही परीक्षा सुरू झाली.

या तरतुदीचे स्वरूप शिक्षकांस ठाऊक असले तरी पंचायत सदस्य व पालक यांच्यात त्याविषयी बराच गैरसमज आढळतो. पाचवीसाठी प्रत्येक विषयास ५० गुण व आठवीसाठी ६० गुण आहेत. उत्तीर्ण होण्यास ३५ टक्के, म्हणजे पाचवीत १८ व आठवीत २१ गुण मिळवावे लागतात. गुण कमी पडले तर मूल लगेच नापास ठरत नाही. त्याला पूरक मार्गदर्शन देऊन निकालापासून दोन महिन्यांच्या आत पुन्हा परीक्षेची संधी द्यावयाची असते, आणि तीतही यश न आल्यासच त्याला त्या वर्गात ठेवता येते. सर्वांत महत्त्वाचे असे की प्राथमिक शिक्षण पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलास शाळेतून काढून टाकता येत नाही. ‘नापास झाला, आता शाळेत घेणार नाहीत’ असे समजून बापाने मुलास गोदामाच्या दारात उभे करावे, असे कायद्यात काहीही नाही. ही गोष्ट ग्रामसभेत मोठ्याने वाचून दाखविण्याजोगी आहे.

काल्हेरसारख्या गावात खरा धोका याच ठिकाणी आहे. येथे अकरा-बारा वर्षांच्या मुलाच्या हातांना काम मिळणे कठीण नाही. यंत्रमागावर कांड्या भरणे, चहाच्या टपरीवर पेले धुणे, गाळ्यात खोक्यांना चिकटपट्टी लावणे अशा कामांना कायद्याने मनाई आहे, पण परीक्षेत अपयश आलेल्या मुलाच्या घरी मनाईपेक्षा रोजंदारीचा विचार लवकर होतो. म्हणून या परीक्षेची तयारी ही गुणांपुरती बाब राहत नाही. एप्रिलमधील त्या चार-सहा दिवसांवर एखाद्या मुलाचे जूनमधील पुनरागमन अवलंबून असते.

मुले कोठे अडखळतात?

पाचवीच्या मुलाची गणिताची उत्तरपत्रिका काळजीपूर्वक पाहिली, तर पुष्कळदा असे दिसते की त्याला बेरीज येते, गुणाकारही येतो, पण प्रश्न वाचता येत नाही. एक उदाहरण घेऊ. ‘एका थरात १२ खोकी, असे ६ थर रचले. त्यांतील १८ खोकी टेम्पोत भरली. तर किती खोकी उरली?’ ज्या मुलाला वाक्य समजले तो ७२ मधून १८ वजा करून ५४ लिहितो. ज्याला समजले नाही तो दिसलेल्या तिन्ही संख्यांची बेरीज करून ३६ लिहितो. त्याची बेरीज बिनचूक असते! अशा मुलाकडून पाढे घोकून घेणे म्हणजे पायाला लागले असता हाताला मलम लावणे होय. ‘असे ६ थर’ व ‘त्यांतील’ हे दोन शब्द त्याला थांबून समजावून घ्यावयास शिकविले पाहिजे. प्रश्न दोनदा मोठ्याने वाचावा, काय दिले व काय विचारले ते स्वतःच्या शब्दांत सांगावे, जमल्यास चित्र काढावे आणि मगच पेन्सिल चालवावी, एवढी साधी सवय डिसेंबरपासून रोज दोन उदाहरणांना लावली तरी एप्रिलपर्यंत फरक जाणवतो.

परिसरातील जीवनच गणिताचे पुस्तक होऊ शकते, हे शिक्षकांना सांगावयास नको. जमिनीच्या व्यवहारामुळे गावातील प्रत्येक मुलाच्या कानावर ‘गुंठा’ हा शब्द पडलेला असतो. ३३ फूट लांब व ३३ फूट रुंद जागा म्हणजे १,०८९ चौरस फूट, म्हणजेच एक गुंठा. असे ४० गुंठे मिळून ४३,५६० चौरस फुटांचा एक एकर होतो. शाळेच्या पटांगणावर दोरीने एक गुंठा आखून दाखविला, तर क्षेत्रफळ ही संकल्पना मुले सहसा विसरणार नाहीत. कदाचित घरी जाऊन वडिलांचा हिशेबही तपासतील.

भाषेच्या उत्तरपत्रिकेचा प्रश्न अधिक नाजूक आहे. आगरी बोलीत ‘ळ’ चा उच्चार ‘ल’ आणि ‘ण’ चा उच्चार ‘न’ असा होतो. मूल घरी ‘शाला’ व ‘पानी’ म्हणते आणि तसेच लिहिते. ही चूक अज्ञानाची नव्हे. मूल आपल्या कानाशी प्रामाणिक राहिलेले असते. ‘तुला मराठी येत नाही’ असे म्हणून लाल रेघ मारली, तर मूल लिहावयाचेच सोडून देते, आणि कोऱ्या जागेला तर कोणीच गुण देऊ शकत नाही. त्याऐवजी घरचा शब्द व पुस्तकातला शब्द अशा दोन रकान्यांची एक वही प्रत्येक मुलाकडून करवून घ्यावी. त्यात बोलीचा अवमान होत नाही आणि प्रमाणलेखनही साधते. हिंदी अथवा तेलुगू भाषक घरांतून आलेल्या मुलांनाही अशीच वही उपयोगी पडेल.

रोज पंधरा मिनिटे प्रकट वाचन, मग ते पाठ्यपुस्तकाचे असो, वर्तमानपत्राचे असो वा दुकानाच्या पाटीचे असो, या एका उपायाला पर्याय नाही. आई-वडील निरक्षर असले तरी ते ऐकू शकतात. मुलाने वाचावे, आईने भाकरी थापता थापता ऐकावे आणि ‘मग काय झालं?’ एवढे विचारावे. बाजारात मिळणाऱ्या अपेक्षित प्रश्नसंचांवर कष्टाचा पैसा घालविण्यापेक्षा हे अधिक फलदायी आहे, असे प्रस्तुत लेखकाचे स्पष्ट मत आहे.

येथे एका प्रवृत्तीचा उल्लेख करणे भाग आहे. शिष्यवृत्ती परीक्षेचे आपल्या शाळांना मोठे आकर्षण आहे. प्रत्येकी ७५ प्रश्नांच्या व १५० गुणांच्या दोन प्रश्नपत्रिका असलेली ही परीक्षा पूर्वी चौथी व सातवीला होती, २०१७ पासून ती पाचवी व आठवीला होऊ लागली, आणि २०२५ मध्ये शासनाने ती पुन्हा चौथी-सातवीकडे नेण्याचा निर्णय घेतला. तिच्यासाठी सकाळी जादा तास होतात, सराव होतो, यशस्वी मुलांची नावे फलकावर झळकतात. हे सर्व योग्यच आहे. परंतु त्या जादा तासाला बहुधा वर्गातील निवडक मुले बोलाविली जातात, आणि ज्याला १८ गुण मिळविणेही कठीण आहे तो मुलगा त्याच वेळी अंगणात गोट्या खेळत असतो. शाळेजवळ जादा तासासाठी एकच शिक्षक असेल, तर त्याने पहिला तास कोणासाठी घ्यावा, याचा विचार केंद्रप्रमुखांनी व मुख्याध्यापकांनी अवश्य करावा.

पंचायत काय करू शकते?

अधिनियमानुसार शाळा व्यवस्थापन समितीत किमान ७५ टक्के सदस्य पालक असावे लागतात व एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात. फेब्रुवारीच्या बैठकीत या समितीने पाचवी व आठवीच्या मुलांची यादी समोर ठेवून एकेका नावाची चर्चा करावी. कोण सलग गैरहजर आहे, कोणाला घरी बसावयास जागा नाही, हे पालक सदस्यांना शिक्षकांइतकेच, किंबहुना अधिक माहीत असते. चाळीतल्या एका खोलीत रात्रपाळीचा बाप दिवसा झोपलेला असतो व संध्याकाळी तेथेच स्वयंपाक होतो. त्या खोलीत अभ्यास कसा होणार? ग्रामपंचायतीने परीक्षेपूर्वीचे दोन महिने सायंकाळी सात ते नऊ या वेळेत समाजमंदिर किंवा शाळेचीच एक खोली दिवे-पंख्यासह उघडी ठेवली, तर खर्च फारसा येत नाही. मुलींच्या जाण्या-येण्याची मात्र काळजी घ्यावी. अवजड वाहनांची वर्दळ असलेल्या रस्त्यापलीकडे राहणाऱ्या मुलांना एखाद्या मोठ्या माणसाने ओलांडून द्यावे.

एप्रिल हा या भागात लग्नसराईचाही महिना. हळदीचा समारंभ म्हणजे आगरी घरातील आनंदाची परमावधी, आणि त्याला वाद्यांची जोड हवीच. परंतु ध्वनिप्रदूषण नियम, २००० नुसार रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिक्षेपक लावण्यास मनाई आहे. एरवी या नियमाची आठवण करून देणारा गावात अप्रिय होतो. तेव्हा परीक्षेच्या आठवड्यापुरते तरी सरपंचांनी व गावकीतील वडीलधाऱ्यांनी यजमानाच्या घरी स्वतः जाऊन विनंती करावी. पोलिसांच्या सूचनेपेक्षा ती अधिक मानली जाईल.

स्थलांतरित कुटुंबांबाबत आणखी एक अडचण संभवते, आणि ती वेळापत्रकातच दडलेली आहे. वार्षिक परीक्षा संपली की परप्रांतीय कामगार मुलाबाळांसह गावी जातो. निकाल लागतो तेव्हा मूल गोरखपूरच्या किंवा करीमनगरच्या एखाद्या खेड्यात असते. पुन्हा परीक्षेचा दिवस जूनमध्ये येतो व जातो, आणि कुटुंब परत येते ते कधी कधी पहिला पाऊस पडून गेल्यावर. ज्याला दुसरी संधी मिळावयास हवी होती तेच मूल ती न घेता मागे राहण्याची भीती असते. वीटभट्ट्यांवर येणाऱ्या आदिवासी कुटुंबांचे वेळापत्रक याच्या उलट असते. पावसाळा जवळ आला की ती आपल्या पाड्यांकडे परततात. अशा मुलांना जाताना शिक्षण हमी पत्रक द्यावे, म्हणजे नव्या ठिकाणच्या शाळेत प्रवेशास अडचण येत नाही. शाळा सोडल्याच्या दाखल्यास विलंब झाला, एवढ्या कारणावरून दुसऱ्या शाळेस प्रवेश नाकारता येत नाही, हेही पालकांना सांगून ठेवावे.

गावी जाणाऱ्यांसाठी उपाय अवघड नाही. मार्चमध्येच वर्गशिक्षकांनी अशा पालकांची भेट घ्यावी. कामाच्या पाळ्या पाहता ही भेट शाळेत होणार नाही, ती गाळ्याच्या दारात किंवा मागाच्या कारखान्यापाशीच घ्यावी लागेल. त्यांचा गावाकडील दूरध्वनी क्रमांक लिहून घ्यावा आणि निकाल व पुन्हा परीक्षेची तारीख कळताच ती कळवावी. मुलास ज्या विषयांत गुण कमी पडण्याची शक्यता वाटते, त्यांचा सुट्टीतील अभ्यास एका वहीत लिहून ती वही त्याच्या पिशवीत घालून द्यावी. गाडीची परतीची तिकिटे पालक सुट्टीपूर्वीच काढतात. तेव्हा जूनमधील ती तारीख त्यांच्या कानावर तिकीट काढण्यापूर्वी, निदान अंदाजाने तरी, पडलेली असावी.