यादी त्यांची, मोजणी आपली

मागच्या भागानंतर इंदूरच्या एका तरुण श्रोत्याने मला विचारलं, "काका, पीअर-टू-पीअर एक्स्चेंजचा सगळा कोड उघडा असतो, कोणीही वाचू शकतो. मग पैसे सुरक्षितच ना?" प्रश्न चांगला आहे. पण उत्तर 'हो' असं नाही.

आधी एक जुनी आठवण. नवखा लेफ्टनंट असताना मला एका कोतचा ताबा घ्यायचा होता. कोत म्हणजे हत्यारं ठेवायची खोली. टाइप केलेली नीटनेटकी यादी समोर आली. मी सहीसाठी पेन काढलं, तेवढ्यात आमचे सुभेदारसाहेब हळूच म्हणाले, "साहेब, यादी त्यांची आहे. मोजणी आपली हवी." मोजलं, तर एक दुर्बीण कमी. सही केली असती तर ती माझ्या नावावर लागली असती.

निवृत्तीनंतर मुलीच्या मदतीने कोड वाचायला शिकलो, आणि तिथेही हेच वाक्य कामाला आलं.

बिस्क हे असंच एक एक्स्चेंज आहे. मधे कंपनी नाही. प्रत्येकाच्या संगणकावर ॲप असतं आणि ती ॲप्स एकमेकांशी बोलतात. समजा, एकाला बिटकॉइन विकायचे आहेत आणि दुसरा त्याबदल्यात मोनेरो देणार आहे. दोघेही थोडी अनामत ठेवतात. बिटकॉइन आणि दोघांची अनामत एका कुलूपबंद पत्त्यावर जाते. मोनेरो मिळाले की विकणारा तसं कळवतो, दोघांच्या सह्या होतात आणि कुलूप उघडतं.

पूर्वी या कुलपाला तीन किल्ल्या होत्या. कुठल्याही दोन लावल्या की ते उघडायचं. तिसरी किल्ली लवादाकडे असायची. पण लवादच एका बाजूला मिळाला तर? म्हणून ऑक्टोबर 2019 मध्ये आलेल्या 1.2 आवृत्तीत तिसरी किल्ली काढून टाकली.

आता दुसरी अडचण. दोघांचं भांडण झालं तर पैसे कायमचे अडकणार. त्यावर तोड अशी काढली, की सौदा सुरू होतानाच दोघांनी आणखी एका व्यवहारावर सही करून ठेवायची. हा व्यवहार मुदत संपल्यावरच चालतो. क्रिप्टोच्या सौद्याला साधारण 10 दिवस, बँकेच्या सौद्याला 20 दिवस. मुदत संपली की पैसे प्रकल्पाने ठरवलेल्या पत्त्यावर जायचे, आणि ज्याची बाजू खरी त्याला नंतर भरपाई मिळायची. अडून बसण्यात कोणाचाच फायदा नाही. कल्पना उत्तम होती.

भोक कुठे होतं? हा मुदतीचा व्यवहार एका बाजूचं ॲप तयार करतं आणि दुसरं त्यावर सही करतं. त्यात लिहिलेला पत्ता खरोखर ठरलेलाच आहे का, याची सही करणाऱ्या ॲपने जेवढी कडक तपासणी करायला हवी होती, तेवढी होत नव्हती. म्हणजे यादी समोरच्याची आणि सही आपली!

एप्रिल 2020 मध्ये हा हल्ला उघडकीला आला. हल्लेखोराने स्वतःच्या ॲपमध्ये फेरफार करून तिथे आपलाच पत्ता घातला होता. तो विकणारा बनायचा, समोरच्याचे मोनेरो घ्यायचा आणि गप्प बसायचा. मुदत संपली की कुलपातले बिटकॉइन आणि दोन्ही अनामती त्याच्याच खिशात. सात जणांचे मिळून सुमारे 3 बिटकॉइन आणि 4000 मोनेरो गेले. लक्षात आल्यावर सौदे थांबवण्याचा इशारा सगळ्या ॲप्सना पाठवला गेला आणि दुरुस्त आवृत्ती आली.

कोड सगळ्यांसमोर उघडा होता, आणि बदलही सुरक्षा वाढवण्यासाठीच केला होता. तरी चोरी झाली. म्हणून सौद्याच्या कोडमधला बदल तपासायला बसलात, तर 'नवीन सोय नीट चालते का' एवढंच पाहून उठू नका. ते तर लिहिणाऱ्यानेही पाहिलेलं असतं.

पहिलं म्हणजे, समोरून येणारी प्रत्येक गोष्ट शोधा. रक्कम, पत्ता, मुदत, शुल्क. त्यातली प्रत्येक गोष्ट आपलं ॲप स्वतःच्या हिशोबाशी ताडून पाहतं का? आणि ते सहीच्या आधी पाहतं का? सहीनंतरच्या तपासणीचा उपयोग नाही.

दुसरं, क्रम. 'पैसे मिळाले' हा निरोप दोनदा आला, उशिरा आला, किंवा 'पैसे पाठवले' याच्या आधीच आला तर काय होईल? सौदा अर्धवट असताना वीज गेली आणि ॲप पुन्हा सुरू केलं, तर ते नेमकं कुठून पुढे जातं?

तिसरं, जुने सौदे. काल जुन्या आवृत्तीत सुरू झालेला सौदा आज नव्या आवृत्तीत पुरा होणार असेल, तर दोन्ही बाजूंचे नियम जुळतात का?

आणि शेवटचं, चोर होऊन बघा. आम्ही सरावात एका तुकडीला शत्रू बनवायचो, कारण आपल्या मोर्चातलं भोक शत्रूच्या बाजूनेच दिसतं. टेस्ट लिहितानाही मुद्दाम खोटा पत्ता पाठवा. ॲपने तो सौदा नाकारलाच पाहिजे. नाकारला नाही, तर तो बदल मंजूर करू नका, मग लिहिणारा कितीही मोठा असो. यात त्याचा अपमान नाही. माझ्या मोजणीचा त्या दिवशी कोणाला राग आला नव्हता.

तेव्हा इंदूरच्या मित्रा, उघडा कोड म्हणजे उघडं कोत. आत जायला परवानगी आहे, एवढाच त्याचा अर्थ. मोजायला कोणीतरी आत जावंच लागतं. तुला कोड येत असेल, तर तो कोणीतरी तूच हो.

पुढच्या भागात भेटू. जय हिंद.