घरातलं तळं (भाग ६) : पाण्याची येती वाट, जाती वाट

बीडहून सोलापूरच्या दिशेने निघालं की पाचसहा किलोमीटरवर खजाना विहीर लागते. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात, सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात, बीडचा जहागीरदार सलाबतखान याने ती बांधून घेतली. रचनाकार म्हणून राजा भास्कर हे नाव सांगितलं जातं. विहिरीत तीन भुयारी वाटा आहेत. दोन वाटांनी पाणी आत येतं, तिसरीने बाहेर पडतं आणि नुसत्या उताराने वाहत उत्तरेकडच्या शेतांपर्यंत जातं. मोट नाही की पंप नाही. दुष्काळातही तिची पातळी फारशी हलत नाही, अशी तिची ख्याती आहे.

घरात दोन हजार लिटरची काचेची टाकी बसवायचा ज्याचा विचार आहे, त्याने ही विहीर एकदा निवांत पाहून यावी. पाणी कुठून येतं, कुठून जातं आणि जाणारी वाट किती उंचीवर आहे, या तीन प्रश्नांची उत्तरं टाकी आणण्याआधी ठरली की पुढचं निम्मं काम झालं.

मागच्या भागात फिल्टरमधल्या जिवाणूंची ओळख झाली. माशांच्या विष्ठेतून आणि कल्ल्यांतून येणाऱ्या अमोनियाचं ते आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट कमी विषारी असतं, पण ते जात मात्र नाही. पाण्यात साचत राहतं. समजा, एखाद्या टाकीत ते आठवड्याला लिटरमागे १० मिलिग्रॅम वाढतं. दर आठवड्याला १० टक्केच पाणी बदललं, तर काही महिन्यांत ते चढत चढत १०० मिलिग्रॅमला पोचतं आणि तिथे ठरतं. २५ टक्के बदललं तर ४० वर थांबतं, ५० टक्के बदललं तर २० वर. थोडंथोडं पाणी बदलून समाधान मानणाऱ्या घरांत मासे मरत नाहीत, पण रंग उतरतो, वाढ खुंटते आणि कारण सापडत नाही.

दहा फूट लांब, तीन फूट रुंद आणि अडीच फूट उंच टाकीत काठोकाठ सुमारे २,१०० लिटर पाणी मावतं. तिचं निम्मं पाणी बदलायचं म्हणजे वीस लिटरच्या पन्नास बादल्या उपसायच्या आणि पन्नास भरायच्या. पहिले दोन महिने घरातला उत्साही मुलगा ते करतो. मग परीक्षा येते, लग्नसराई येते, आणि टाकीचं पाणी पिवळसर होत जातं. म्हणून एवढ्या टाकीत पाणी बदलण्याची सोय नळातच असायला हवी. माणसाने फक्त कॉक फिरवावा.

ती सोय अशी. टाकीच्या एका कोपऱ्यात उभी काच लावून कप्पा करायचा. पाणी त्या काचेच्या कडेवरून कप्प्यात सांडतं, तिथून पाइपने खालच्या टाकीत, म्हणजे सम्पमध्ये उतरतं. तिथे गाळलं जातं आणि पंप ते पुन्हा वर पाठवतो. कडेची उंची ठरलेली, त्यामुळे वरच्या टाकीतली पातळी आपोआप ठरते. कप्प्यात खाली जाणारे पाइप दोन हवेत. एक रोजचा आणि दुसरा थोडा उंचावर, रिकामाच. पहिल्यात गोगलगाय किंवा झाडाचं पान अडकलं तर दुसरा धावून येतो. हा दुसरा पाइप गाळून तीनचारशे रुपये वाचवण्याचा मोह होतो. तो आवरावा, कारण ज्या दिवशी पहिला तुंबतो त्या दिवशी सम्पमधलं पाणी बैठकीच्या खोलीत असतं.

आणि वीज. पंप बंद पडला की कडेच्या वरचं पाणी खाली उतरतं. आपल्या टाकीचा पृष्ठभाग तीस चौरस फूट आहे. पाणी दोन सेंटिमीटर जरी उतरलं तरी सुमारे ५५ लिटर सम्पमध्ये येतं, शिवाय पाइपांतलं वेगळं. सम्पमध्ये तेवढी जागा कायम रिकामी हवी. पंपाच्या पाइपचं तोंड पाण्यात खोल असेल, तर वीज जाताच तोच पाइप उलटा चालतो आणि टाकी उपसू लागतो. एनआरव्ही, म्हणजे पाणी उलट येऊ न देणारी झडप, बसवली म्हणून निर्धास्त राहू नये, तिच्यात शेवाळ अडकतं. पाण्याच्या पातळीलगत पाइपला एक बारीक भोक पाडलं की हवा शिरते आणि धार तुटते. भोक मात्र अधूनमधून साफ करावं.

आता नवं पाणी. परदेशांतले मोठ्या टाक्यांचे शौकीन बरेचदा थेंबपद्धत वापरतात: बारीक नळीने दिवसभर ताजं पाणी आत येत राहतं आणि तेवढंच जुनं सम्पच्या ओव्हरफ्लोमधून गटाराला जातं. दोन हजार लिटर पाण्यात रोज २०० लिटर, म्हणजे मिनिटाला सुमारे १४० मिलिलिटर. माशांना जाणवतही नाही. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीचा हौद याच तत्त्वावर चालतो. लांबून भूमिगत नळाने आलेलं पाणी हौदात पडतं आणि जास्तीचं खाम नदीकडे जातं. त्या हौदात पोसलेले मासे पाहायला मुलं आजही थांबतात.

बीडमध्ये मात्र हिशेब आधी मांडावा. थेंबथेंब येणारं पाणी जुन्यात मिसळतं आणि त्यातलं काही नवंच बाहेर निघून जातं. आठवड्याला १,४०० लिटर असं सोडलं, तरी जुन्यापैकी निम्मंच पाणी बाहेर पडतं. तेच काम एकदम १,००० लिटर काढून १,००० लिटर भरल्याने होतं. एप्रिल-मेमध्ये टँकरची वाट पाहणाऱ्या जिल्ह्यात हा ४०० लिटरचा फरक लहान नाही. इथे आठवड्यातून एकदा उपसणं-भरणंच योग्य. थेंबपद्धत पावसाळ्यासाठी, बोअरला पाणी असेल तेव्हा.

टँकरच्या किंवा नळाच्या पाण्यात टीसीएल पावडरचं क्लोरीन असतं. ते कल्ले जाळतं आणि फिल्टरमधले जिवाणूही मारतं. म्हणून मोठ्या टाकीच्या जोडीला हजार लिटरची स्वतंत्र साठवण टाकी हवीच. त्यात एक दिवस हवेचा पंप चालवावा किंवा सोडियम थायोसल्फेट, म्हणजे दुकानातलं अँटी-क्लोरीन, मापाने टाकावं. बोअरच्या पाण्यालाही हवा लागते; जमिनीखालून आलेल्या पाण्यात प्राणवायू कमी असू शकतो. ही टाकी गच्चीवर उन्हात नको. मे महिन्यात ४० अंशांचं हजार लिटर पाणी २८ अंशांच्या हजार लिटरमध्ये ओतलं, तर टाकी ३४ अंशांवर जाते. पाणी भरायचं ते पहाटे.

काळ्या खडकातल्या बोअरचं पाणी बहुधा जड असतं. बाष्पीभवनात शुद्ध पाणी उडतं, क्षार मागे राहतात. नुसतं वरून पाणी घालत राहिलं तर जडपणा वाढतच जातो. भर घालणं म्हणजे पाणी बदलणं नव्हे. आरओ लावला तर गाळलेल्या पाण्याहून वाया जाणारं पाणी जास्त, ते इथे पटणारं नाही. त्यापेक्षा आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले सिक्लिड पाळावेत. त्यांचं मूळ पाणीच अल्कधर्मी आहे आणि जड पाणी त्यांना मानवतं.

साठवण टाकीपासून सम्पपर्यंत पाऊण इंची पाइप, मध्ये बॉल व्हॉल्व्ह, दोन्ही टोकांना युनियन, म्हणजे दुरुस्तीला करवत लागणार नाही. कॉक शक्यतो प्लास्टिकचे. पितळेतलं तांबं पाण्यात उतरलं तर गोगलगायी आणि कोळंबीला बाधतं. बाष्पीभवनाची भर घालणारा फ्लोट व्हॉल्व्ह गच्चीवरच्या मुख्य टाकीला जोडू नये. तो अडकला तर सारी टाकी, क्लोरीनसकट, माशांवर रिकामी होते. त्याला चाळीस-पन्नास लिटरचा वेगळा ड्रम द्यावा, म्हणजे चूक झाली तरी तेवढ्यापुरतीच.

उपसलेलं पाणी गटारात सोडू नये. त्यातलं नायट्रेट झाडांना हवंच असतं. खजाना विहिरीची तिसरी वाट शेतात जाते, तशी टाकीची दीड इंची ड्रेन लाइन परसातल्या लिंबाच्या, शेवग्याच्या, केळीच्या आळ्यांकडे न्यावी. ज्या आठवड्यात टाकीत मीठ किंवा औषध टाकलं असेल, तेव्हा मात्र झाडांना ते पाणी देऊ नये. त्यासाठी लाइनला एक टी आणि दुसरा कॉक ठेवावा. ही लाइन फरशी बसण्याआधी, उतार देऊन टाकलेली हवी. नंतर फरशी फोडायला कुणी तयार होत नाही आणि पुन्हा बादल्या सुरू होतात.

(पुढच्या आठवड्यात : वीज गेल्यावर टाकीतला प्राणवायू कसा टिकवायचा)