थोडे हिम, मोठा धोका

आपल्याकडची मुलेमुलीही हिवाळी पदभ्रमणासाठी हिमालयात जातात. ‘यंदा हिम कमीच पडले आहे, मग हिमस्खलनाची भीती कसली?’ असे त्यांना वाटणे साहजिक आहे. पण हा धोका केवळ हिमाच्या जाडीवर ठरत नाही. थर एकमेकांना किती घट्ट धरून आहेत, यावर ठरतो. कसे, ते पाहू.

हिमाखालची जमीन साधारण ०° सेल्सिअसच्या आसपास राहते. निरभ्र रात्री हिमाचा पृष्ठभाग मात्र खूप थंड होतो. समजा, तो -१०° झाला. थर २ मीटर जाड असेल तर तापमानातील फरक मीटरला ५° पडतो. थर अर्धाच मीटर असेल तर हाच फरक मीटरला २०° होतो! फरक मीटरला सुमारे १०° पेक्षा जास्त झाला, की खालच्या उबदार कणांतून निघालेली वाफ वर सरकते व थंड कणांवर गोठते. त्यातून साखरेसारखे कोनदार, सुटे कण तयार होतात. त्यांचा हाताने गोळाही वळत नाही. म्हणजे पातळ हिमच आतून अधिक कमकुवत होते.

यावर पुढे जोराचा हिमवर्षाव झाला, किंवा वाऱ्याने डोंगराच्या आडोशाच्या बाजूला हिम आणून टाकले, की वर घट्ट लादी तयार होते. लादी भक्कम, पाया भुसभुशीत! अशा वेळी एका माणसाच्या वजनानेही खालचा थर कोसळतो, तडा दूरवर पसरतो आणि लादी निसटते. ३०° ते ४५° उतारांवर असे बहुधा घडते. पायाखाली ‘धप्प’ असा आवाज येणे ही धोक्याची स्पष्ट खूण. भटक्यांचे बळी घेणारी बहुतेक स्खलने त्यांच्या किंवा सोबत्यांच्याच भाराने सुटतात.

४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशी जिल्ह्यात ‘द्रौपदी का डांडा’ शिखराजवळ गिर्यारोहण संस्थेचे प्रशिक्षणार्थी व प्रशिक्षक हिमस्खलनात सापडले. पंचवीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला. जाणत्यांनाही हा धोका चुकत नाही.

म्हणून तज्ज्ञ हिमात खड्डा खणून थर तपासतात. ३० सेंटिमीटर रुंदीचा खांब मोकळा करून त्यावर फावडे ठेवतात आणि आधी मनगटातून, मग कोपरातून, शेवटी खांद्यातून दहा दहा थापा मारतात. थोड्याच थापांत खांब सपकन कापला गेला, तर उतार टाळायचा.

वर्गात हे असे दाखवता येईल. दोन पाटांवर गोणपाट ठोका. एकावर पीठ दाबून बसवा. दुसऱ्यावर पीठ, त्यावर साखर, वर पुन्हा पीठ असे थर द्या. पाट हळूहळू उचला आणि घसरण सुरू होतानाचे कोन कोनमापकाने मोजा. अनेकदा मोजून सरासरी काढा. कोणता पाट आधी घसरतो व का, हे मुलांनाच सांगू द्या.

गाडल्या गेलेल्या माणसाला पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढले, तरच वाचण्याची आशा मोठी असते. इतक्या वेळात बाहेरची मदत क्वचितच पोहोचते. तेव्हा उतारावर पाऊल टाकण्यापूर्वीच ‘हिम किती?’ याबरोबर ‘हिमाखाली काय?’ हेही विचारायला आपण मुलांना शिकवायला हवे.